डाव्या अंगाचा पाटा

अक्कलकोट रोडवर एमआयडीसी मागं पडली की उजव्या हाताला एक लिंबाचं झाड लागतं आणि त्या झाडाला टेकून मल्लिनाथ बिराजदारचं गॅरेज. गॅरेज म्हणायचं ते आपलं म्हणायला. वर चार पत्रे, खाली ऑइल पिऊन पिऊन काळी झालेली जमीन, कोपऱ्यात भट्टी, भट्टीपाशी ऐरण. इथं इंजिनाला कुणी हात लावत नाही, पंक्चरसुद्धा काढत नाहीत. गाडीच्या पोटाखाली, चाकाजवळ, एकावर एक रचलेले कमानदार लोखंडी पाटे असतात आणि गाडीचा सगळा भार त्यांच्यावर असतो. मल्लिनाथचा संबंध तेवढ्याशीच. पाटा तुटला तर नवा घालायचा. नुसता बसला असेल, म्हणजे भार सोसून सोसून सपाट झाला असेल, तर भट्टीत लाल करून, घणानं ठोकून त्याला पुन्हा कमान द्यायची. सव्वीस वर्षं हेच. गाडी किती बसली हे बघायला तो टेप वापरत नाही. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये बोटं घालतो आणि सांगतो, तीन बोटं, चार बोटं. आपली बोटं चुकत नाहीत असं तो स्वतःच सांगत फिरतो, पण ते खरं आहे.

ही विद्या बापाची. महादेवप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे. गेल्या दिवाळीत त्यांचं डावं अंग गेलं. घरात खाट टाकू म्हटलं तर ऐकेनात. "घरात काय भांडी ऐकत पडू व्हय?" म्हणाले. म्हणून गॅरेजच्या मागच्या पडवीत लोखंडी खाट टाकली. तिथं पडल्या पडल्या ते घणाचा आवाज ऐकतात आणि लोखंडाला पाणी नीट बसलं की नाही, म्हणजे ते हवं तेवढं कडक झालं की नाही, ते आवाजावरून सांगतात. उजव्या हातानं खाटेच्या पाइपवर टकटक केली की समजायचं, काम पसंत आहे. अर्धं तोंड वाकडं झालं तरी चुका काढण्यात ते कुणाला हार जात नव्हते. मल्लिनाथची बायको दाक्षायणी सकाळ-संध्याकाळ घरून येऊन जाई, बाकी दिवसभर मल्लिनाथच. बापाला उचलून बसवणं, पाठ पुसणं, भांडं देणं, सगळं तो करी आणि त्याला त्याची कधी किळस आली नाही. बापावर त्याचा फार जीव होता. पुढं जे झालं ते त्या जीवापायीच झालं.

महादेवप्पांनी गॅरेजात एक रीत घालून दिली होती. गाडीचा जुना पाटा मिस्त्रीकडं राहतो, हे सगळ्याच पाटेवाल्यांकडं चालतं. पाट्याचं पोलाद कसदार, त्याचे कोयते होतात, कुऱ्हाडी होतात. पण महादेवप्पांचं म्हणणं, लोखंड नुसतं पडून राहिलं म्हणून आपलं होत नाही. तोंडानं 'घेतलं' म्हणावं लागतं. आणि म्हणायच्या आधी मालकाला विचारायचं, 'गाडीत कुणी गेलंय का?' मालक हो म्हणाला तर काम करून द्यायचं, पण जुनं लोखंड त्याचं त्याच्या गाडीत परत टाकायचं. ट्रकवाल्यांना याचं काही वाटत नसे. ते सरळ सांगत, "क्लीनर गेला होता की, तीन वर्षं झाली," आणि आपला पाटा उचलून ठेवत.

ऑक्टोबरातला मंगळवार होता. पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं असं ऊन. अकराच्या सुमाराला एक जीप येऊन थांबली आणि जीपच्या मागं जोडलेली, दोन चाकांवरची एक पांढरी खोली. तिला खिडक्या होत्या, खिडक्यांना पडदे होते, बाजूला छोटं दार होतं. असलं वाहन मल्लिनाथनं फक्त फोनवर पाहिलं होतं.

"कॅरव्हॅन म्हणतात हिला," जीपमधून उतरलेला माणूस म्हणाला. "फिरायला न्यायची. आत झोपायची सोय आहे, चहापाण्याची आहे."

माणसाचं नाव पृथ्वीराज. माळशिरसचा, चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला गोड. त्याची बायको जीपमध्येच बसून होती. काच वर, नजर समोर.

गाडी डावीकडं कलली होती. मल्लिनाथनं उजव्या चाकावर बोटं घातली, मग डाव्या. चार बोटांचा फरक.

"डाव्या अंगाला काय वजन ठेवता साहेब?"

"काही नाही. रिकामीच आहे. आठ महिने शेडमध्ये उभी होती."

"आन माळशिरसवरनं हितपातूर आला? वाटेत पाटेवाले न्हवते?"

"होते. पण तुमचं नाव ऐकलं."

स्वतःचं नाव माळशिरसपर्यंत पोचलंय म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? मल्लिनाथला वाटलं. त्यानं जॅक लावला, चासीखाली टेकूची घोडी सरकवली आणि पाठीवर पडून खाली गेला. उजवे पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते, उभ्या गाडीचे असतात तसे. डावे पाटे मात्र घासून घासून लखलखत होते. रोज भार घेऊन खालीवर होणाऱ्या गाडीचे पाटे असे असतात. आठ महिने शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे नसतात. मालक खोटं बोलतोय, त्यानं ठरवून टाकलं. मालकांच्या खोटं बोलण्याची त्याला सवय होती.

तरी वजन कसलं ते बघायला तो आत चढला. आत फिनेलचा वास होता. डाव्या भिंतीला लागून एक अरुंद पलंग, त्यावर प्लास्टिकचं आवरण घातलेली गादी. पलंगाला दोन बोटं रुंदीचे पट्टे लावलेले होते. एक छातीवरून जाणारा, एक पायांवरून, आणि एक आखूड, मनगटापुरता. वळणावर माणूस पडू नये म्हणून असतील. पण त्यांची बकलं पलंगाच्या खाली होती, झोपलेल्याचा हात पोचणार नाही अशा बेतानं. गादीत मधोमध खळगा पडला होता. मल्लिनाथनं तो हातानं दाबून पाहिला. गादी उबदार लागली. या दिवसांत सगळंच उबदार लागतं, असं म्हणून तो खाली उतरला.

दुपारपर्यंत दोन्ही बाजूंचे पाटे उतरवून झाले. डाव्या बाजूचा सगळ्यांत वरचा, मुख्य पाटा त्यानं ऐरणीवर ठेवला आणि चीर गेली आहे का बघायला हातोडी मारली. चांगला पाटा खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो. हा दोन्हीपैकी कसाच वाजला नाही. पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला.

पडवीतून अप्पांची हाक आली. "मल्लू, कसलं रं ते? परत वाजव."

त्यानं परत वाजवला.

"भरल्यालं वाजतंय," अप्पा म्हणाले. "विचारलंस का?"

पृथ्वीराज दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याच्या गळ्यात बारीक सोन्याची साखळी होती, अंगाला अत्तराचा वास होता. सहलीची गाडी घेऊन आलेल्या असल्या माणसाला तोंडावर विचारायचं, की बाबा तुझ्या गाडीत कुणी मेलंय का? मल्लिनाथला लाज वाटली. आणि ही काय ट्रक नव्हे, ॲम्ब्युलन्स नव्हे.

"विचारलं अप्पा," तो म्हणाला. "कुणी न्हाय."

उभ्या आयुष्यात बापाशी तो फार खोटं बोलला नव्हता.

"जुने पाटे तुमच्याकडंच राहतात ना?" पृथ्वीराजनं विचारलं. "तुमच्यात काहीतरी म्हणायची पद्धत आहे, असं ऐकलंय."

"हाय की. घेतलं म्हणतो आमी."

"मग म्हणा."

"घेतलं," मल्लिनाथ म्हणाला.

जीपचं दार उघडलं. सकाळपासून न उतरलेली बाई उतरली. ती कोणाशी बोलली नाही, सरळ कॅरव्हॅनमध्ये चढली आणि त्या डाव्या पलंगावर जाऊन बसली. गाडी तिच्या वजनानं जराशी खाली गेली आणि परत वर आली. बाईनं तोंडावर पदर धरला. ती हसत होती की रडत होती, ते मल्लिनाथला बाहेरून कळलं नाही. नवे पाटे बसले, गाडी दोन्हीकडं सारखी झाली आणि दोघं अशी घाईनं निघून गेली की मल्लिनाथनं पुढं केलेला चहा तसाच राहिला.

आता मुख्य पाटा कुठं वापरावा? त्याचं उत्तर त्याला लगेच सुचलं आणि सुचल्याचा आनंदही झाला. डावं अंग मेल्यापासून अप्पा झोपेत डावीकडं घरंगळायचे, आणि खाटेचा डावा पाइप मधोमध वाकला होता. मल्लिनाथनं पाट्याला नवी कमान दिली, पाणी दिलं, आणि वाकलेल्या पाइपखाली कमान वर करून तो बोल्टांनी आवळून टाकला. खाट दोन्ही बाजूंनी जमिनीपासून सारख्या उंचीवर आली. हा पाटा अर्ध्या टनाला दाद देणारा नव्हता, अप्पांचं वजन असेल पंचेचाळीस किलो.

"कसं वाटतंय?"

"गाडीत बसल्यावानी," अप्पा म्हणाले आणि उजव्या हातानं पाइपवर टकटक केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मल्लिनाथ त्यांना ताक द्यायला गेला, तर खाट डावीकडं कलली होती. त्यानं खाली बसून बोटं लावली. चार बोटं. पाटा सपाट झाला होता.

त्याला स्वतःचाच राग आला. पाणी कमी बसलं असणार. पाटा काढला, पुन्हा तापवला, पुन्हा कमान दिली, या वेळी जीव ओतून काम केलं. दुसऱ्या दिवशी बाराला बघतो तर चार बोटं.

"मल्लू," अप्पा म्हणाले. "तिला जरा सरकाया सांग."

"कुणाला?"

"ही काय. लई जड हाय." मग ते कानडीत पुटपुटले, "यारो अदार." कुणीतरी आहे.

त्यानं डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, लकवा झालेल्या माणसाला कधीकधी आपलंच मेलेलं अंग दुसऱ्याचं वाटतं. शेजारी कुणीतरी झोपलंय असं वाटतं. घाबरायचं कारण नाही. मल्लिनाथला हायसं वाटलं. माणसाला लकवा होतो, हे त्याला पटलं. पण पाट्याला लकवा होत नाही, हेही त्याला माहीत होतं.

शुक्रवारी अंग पुसताना त्याला अप्पांच्या उजव्या मनगटावर लाल वळ दिसला, दोन बोटं रुंदीचा. त्या दिवशी अप्पांनी पाइपवर टकटक केली नाही. हात उचलायला गेले आणि तो अर्ध्यातच थांबला, कुणी दाबून धरावा तसा. एवढा एकच हात त्यांना उरला होता.

"अप्पा, हात दुखतोय का?"

"सोडत न्हाय ती," अप्पा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बापाच्या डोळ्यांत मल्लिनाथनं पाणी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही.

त्यानं अप्पांना दोन्ही हातांवर उचललं. ते हलकेच होते, नेहमीसारखे. त्यांना तसंच उचलून धरून त्यानं खाली खाटेकडं पाहिलं. भार निघाला की पाटा वर येतो. पंचेचाळीस किलो असोत की पाच, थोडा तरी येतोच.

खाट वर आली नाही.

दाक्षायणी पडवीच्या दारात डबा घेऊन उभी होती. तिनंही पाहिलं. तिनं डबा उंबऱ्यावर ठेवला आणि ती परत फिरली. त्यानंतर ती पडवीत आली नाही.

मल्लिनाथनं पाटा काढून भंगाराच्या ढिगात फेकला आणि अप्पांना रिक्षात घालून घरी नेलं. जमिनीवर गादी घातली. सकाळी गादीत दोन खळगे होते. एका खळग्यात अप्पा होते. त्यांची जीभ जड झाली होती आणि उजव्या हाताची बोटं निळसर दिसत होती.

घणाचा आवाज पडवीतच ऐकू येतो म्हणून अप्पा डोळ्यांनी पडवी मागत राहिले. मल्लिनाथनं त्यांना परत आणलं. मग लिंबाखाली जाऊन पृथ्वीराजला फोन लावला.

"बोला मिस्त्री. मी वाटच बघत होतो."

"साहेब, त्या गाडीत कोण गेलंय?"

"आमची आई. अकरा महिने होती त्या पलंगावर."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

वर लिंबात एक कावळा ओरडत होता.

"तुमच्या आईच हाईत व्हय त्या?"

"आई नाही ती." पृथ्वीराजच्या आवाजातला गोडवा पहिल्यांदाच गेला. "गाडी आम्ही एका माणसाकडून जुनी घेतली. पट्टे तेव्हाच होते. आम्ही आईला कधी बांधलं नाही. आईला उठायचं असायचं, तीच उठू द्यायची नाही. आई गेल्यावर आमची मुलगी, सहा वर्षांची, शेडमध्ये जाऊन त्या पलंगावर झोपायला लागली. रोज दुपारी. तुम्हाला मुलं आहेत ना? मग समजून घ्या."

"आता काय करू मी?"

"नदीत टाकून बघा. आगीत घालून बघा. आम्ही सगळं केलं. कुणीतरी तोंडानं घेतल्याशिवाय ती जात नाही. आणि तिला अंगात बळ नसलेलं माणूस लागतं, धडधाकटाचा उपयोग नाही." जरा थांबून, अगदी आपुलकीनं त्यानं विचारलं, "वडील जेवतात का?"

मल्लिनाथनं फोन बंद केला. त्या माणसाचा त्याला इतका संताप आला की हातातला पाना त्यानं झाडावर फेकून मारला. माणूस इतका नीच असू शकतो? आपलं लेकरू वाचवायला दुसऱ्याच्या बापाच्या उशाशी हे आणून सोडतो? त्यानं त्याला, त्याच्या बायकोला, त्याच्या सगळ्या खानदानाला शिव्या घातल्या.

शनिवारी भर दुपारी एक मोटारसायकल येऊन थांबली.

चालवणारा गुरु नावाचा पोरगा, पंचविशीचा. मागं त्याची बायको अंकिता, तिच्या मांडीवर लेकरू आणि दोन्ही बाजूंना भांड्याकुंड्यांची बोचकी. अक्कलकोट तालुक्यातली माणसं. जेऊरकडं ऊसतोडीला निघाली होती.

"मामा, पाट्याचा एकादा तुकडा हाय का?" अंकितानं विचारलं. "कोयता घडवायचाय. बाजारातला दोन दिसांत बोथटतोय."

"न्हाय," मल्लिनाथ म्हणाला. "संपलं सगळं."

त्याची नजर लेकरावर गेली. आठ महिन्यांची आहे असं अंकिता म्हणाली, पण दिसायला तीन महिन्यांची. मनगट त्याच्या करंगळीएवढं. रडत होती ती मांजराच्या पिल्लासारखी, बारीक.

"केराबाई नाव ठिवलंय," अंकिता सांगत होती. तिला बोलायला आवडत होतं. "आदीची दोन ऱ्हायली न्हाईत. मंग सासू म्हनली, केर म्हना हिला, केराकडं कोन बघतंय? वजनच वाढंना हो हिचं. सिस्टर वरडती. काय खाऊ घालू, सांगा की."

आतून आवाज आला. हाक नव्हती ती. अप्पांना आता 'मल्लू' एवढंही म्हणता येत नव्हतं. नुसती घुसमट होती, तोंडावर उशी दाबल्यासारखी.

मल्लिनाथ उभा राहिला. आत जायला म्हणून उभा राहिला. आणि गेला भंगाराच्या ढिगाकडं.

पाटा वरच पडला होता. दोन्ही हातांनी उचलावा लागला.

"हा एक हाय," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "पैसं नगं. पर आमच्यात रीत हाय. तोंडानं घेतलं म्हणाया लागतंय."

"कुटल्या गाडीचा हाय?" अंकितानं विचारलं.

"फिरायच्या गाडीचा."

"मंग चांगलाच की." ती हसली. फुकटात असलं पोलाद मिळत होतं, तिला काय माहीत? तिनं पाट्याला हात लावला. "घेतलं, मामा."

मल्लिनाथला वाटलं, आता सांगावं. पाटा हिसकून घ्यावा.

तेवढ्यात अंकितानं पोरीचा एवढासा हात धरला आणि लोखंडावर टेकवला. "केराबाई, तू बी म्हन. घेतलं म्हन."

पोर रडायची थांबली.

मागं पडवीत खाटेचा पाइप कडकन वाजला. वजन उतरल्यावर वाजतो तसा.

मल्लिनाथनं पाटा गोणपाटात गुंडाळून दिला, सुतळीनं बांधून दिला. गाठ दोनदा मारली. अंकितानं त्याचा नंबर मागून घेतला, परत लोखंड लागलं तर असू दे म्हणून. गुरु जाताना वाकून त्याच्या पाया पडला, आणि मल्लिनाथनं त्याला पडू दिलं.

आत खाट आता एकट्या अप्पांच्या वजनापुरतीच वाकलेली होती. अप्पांच्या बोटांत रंग आला होता. ते श्वास घेत होते, मोठे मोठे, विहिरीतून वर आलेल्या माणसासारखे. मल्लिनाथ त्यांच्या पायाशी बसला आणि ढसाढसा रडला. बाप वाचला होता.

बऱ्याच वेळानं अप्पांना बोलता आलं.

"कुणाला दिलंस?"

"ऊसतोड्याला."

"लेकरू रडत हुतं."

मल्लिनाथ त्यांचे पाय चेपायला लागला.

"मला विचारलं असतंस," अप्पा म्हणाले, "तर ऱ्हाऊ दे म्हनलो असतो. माझं काय ऱ्हायलं हुतं?"

मग त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. त्या दिवसापासून ते बरे होत गेले. डॉक्टरांनाही नवल वाटलं. दाक्षायणी परत यायला लागली, तिच्या हातून ते दोन भाकरी खातात. मल्लिनाथनं घास पुढं केला की ओठ मिटतात. गॅरेजात घण चालतो, पाटे खणखणतात, आणि पडवीतून कसलाच आवाज येत नाही.

अकरा दिवसांनी, दुपारी, फोन वाजला. नंबर अनोळखी.

"मामा, मी अंकिता. जेऊरवरनं बोलतीया. वळखलं का?"

मल्लिनाथ ऐरणीवर बसला.

"कोयता झकास झाला बगा. पर त्येच्यासाठी फोन न्हाय केला. तुमचा पायगुन लागला मामा. केराबाई भरली की." तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. मागं उसाच्या पाचटाची सळसळ ऐकू येत होती. "दिसाया हाय तेवडीच, पर वजन लई वाढलंय. झोळी फाटली परवा. आता पाचटाच्या कोपीत खालीच निजवती. रडत बी न्हाय, दिसभर एका जागी गप पडून ऱ्हाती."

"दूध पिती का?" मल्लिनाथनं कसंबसं विचारलं.

"न्हाय वो, तेच तर नवाल. सोमवारी सिस्टरकडं काट्यावर ठिवायची हाय. लई खूश व्हईल ती." अंकिता हसली. "फकस्त न्यायाची कशी तेवडं कळंना. सकाळधरनं बगतोय आमी, दोघांनी मिळून बी उचलंना झालीया."